जाऊबाईंचा पगार आणि तुझं पासबुक

पत्र जरा मोठं होतं, कापून देते.

"ताई, मी तालुक्याच्या गावी इंग्लिश मीडियम शाळेत सहावी ते आठवीला सायन्स शिकवते, २०११ पासून. स्टेट बोर्डाची शाळा, अनुदान नाही. बीएस्सी बीएड, वय ४३. पगारपत्रकावर ३० हजार (बेसिक-डीए मिळून २४), कापून बँकेत २८ जमा होतात आणि त्यातले साडेदहा दोन दिवसांत एटीएममधून काढून ऑफिसात रोख परत द्यायचे. म्हणजे हातात साडेसतरा. पीएफ २०१६ पासून कापतात. माझी जाऊ झेडपी शाळेत आहे, २००८ ला लागली, तिला हातात साठ-बासष्ट येतात. गौरीजेवणाला नणंदेचे मिस्टर सगळ्यांसमोर म्हणाले, मास्तर लोकांना फुकटचा पगार, मे महिन्याची सुट्टी आणि वर पेन्शन पण पाहिजे. मग माझ्याकडे बघून, वहिनींचं ठीक आहे, त्यांचा टाइमपास आहे. जाऊ काही न बोलता आत गेली. मला आधी बरं वाटलं की तिला कोणीतरी बोललं, मग माझीच लाज वाटली. आमचे हे म्हणतात सोड नोकरी, घरी क्लास काढ. ताई, माझ्यावर खरंच अन्याय होतोय का मीच जळकी आहे? आणि ५८ ला माझ्या हातात काय राहणार?"

अगं, वयानं बरीच मोठी आहे तुझ्यापेक्षा म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी माझं सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात ३१ वर्षं क्लार्क होते, शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क. पे बिलं, सेवापुस्तकं, पेन्शन केसेस हेच आयुष्य. २०१७ ला रिटायर झाले आणि मला जुनी पेन्शन आहे, महिन्याच्या सुरुवातीला मोबाइल टुंग करतो. तेव्हा मी जे बोलते ते एका पेन्शनवाल्या बाईचं बोलणं आहे, त्या हिशोबानं घे.

आता जळकेपणाचं. तुला बरं वाटलं ना तेव्हा? वाटणारच. एकाच घरात दोघी जणी सकाळी साडेसहाला डबे भरतात, दोघी पोरांच्या वह्या घरी आणतात आणि एकीच्या हातात दुसरीच्या साडेतीनपट पैसे, तर मनात काही आलं नाही असं म्हणणारी बाई मला दाखव. लाज वाटली हे चांगलं झालं, पण त्याचं फार लोणचं घालू नकोस. फक्त एक कर, जाऊबाईंना एकदा निवांत विचार की २००८ ला लागल्यावर त्यांना किती मिळायचे.

मी सांगते किती मिळायचे. तीन हजार. शिक्षणसेवक म्हणायचे, २००० साली ही स्कीम आली, प्राथमिकला ३०००, हायस्कूलला ४००० आणि ज्युनिअर कॉलेजला ५००० मानधन, आणि ते तीन वर्षं. आमच्या हायस्कूलला तेव्हा एक पोरगा होता मॅथ्सचा, चार हजारवाला. बिल मी लिहायचे, आणि त्याच बिलात त्याच्या खाली शिपायाचं नाव, शिपायाचा आकडा मोठा. तो पोरगा सही करताना वरच्या रेघेवर बोट ठेवून सही करायचा, खालची रेघ दिसू नये म्हणून. मला ते कळायचं, मी काही बोलायचे नाही. नंतर ते मानधन सहा-आठ-नऊ हजार झालं, आणि १ जानेवारी २०२३ पासून १६ हजार, १८ हजार आणि २० हजार झालंय, ते पण हायकोर्टानं कान टोचल्यावर.

हा आकडा पुन्हा वाच. हायस्कूलला आज नवीन लागलेल्या शिक्षणसेवकाला १८ हजार. तुला चौदा वर्षांनी साडेसतरा. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच झालं खरं म्हणजे. आणि तीन वर्षांनी तो पोरगा रेग्युलर झाला की सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन ३८,६०० ला सुरू होतं, त्यावर ५५ टक्क्यांनी डीए धरला (२०२५ च्या जानेवारीचा दर) तर साठ हजाराला एकशे सत्तर कमी, घरभाडं वेगळं. डिग्री तुझी नि त्याची एकच, बीएस्सी बीएड.

जाऊबाईंचा पगार वाजवी आहे, मी हे स्पष्ट म्हणते. जास्त नाही आणि कमी पण नाही, वाजवी. त्यात सकाळी खिचडीचा हिशोब, दुपारी कुठलीतरी ऑनलाइन माहिती, संध्याकाळी बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार, जनगणना आली की ती, आणि या सगळ्यातून वेळ उरला की शिकवायचं. नणंदेच्या मिस्टरांना एक दिवस दोन शिक्षकी शाळेवर बसवा, चार वर्ग एका खोलीत घेऊन, मग मे महिन्याच्या सुट्टीवर बोलू.

पण त्यांचं अगदीच सगळं उडवून लावू नकोस हं. ते कंपनीत आहेत म्हणतेस, बहुतेक त्यांना पेन्शन म्हणजे पीएफमधून येईल तेवढीच, ती किती येते ते खाली तुझ्याच हिशोबात दाखवते. त्या माणसानं टॅक्स भरायचा, आणि राज्याच्या तिजोरीतला मोठा वाटा पगार, पेन्शन नि कर्जाच्या व्याजात जातो हे तर सरकार पण सांगतं. त्याला आतून खुपतं ते हे आहे, बोलला मात्र चुकीच्या माणसाला, चुकीच्या ठिकाणी, तोंडात पुरणपोळी असताना.

आणि पेन्शनचं म्हणशील तर जाऊबाईंना ती पेन्शन नाहीच मुळी! मला आहे, त्यांना नाही. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आमच्या ऑफिसात आम्ही कुंडलीसारखी बघायचो. त्याच्या आधी लागला तर जुनी पेन्शन, त्या दिवशी किंवा नंतर लागला तर डीसीपीएस, म्हणजे पगारातून कापून जमलेल्या पैशांवरची पेन्शन, पुढं त्याचंच एनपीएस झालं. आमच्याकडं दोन बाई होत्या, एकीची ऑर्डर जून २००५, दुसरीची जून २००६. मराठी दोघींचं, टेबल एक, डबा एक, कोणाच्या घरी बाळंतपण असलं की तास एकमेकींचे घ्यायच्या. पहिलीचा जीपीएफ (जुन्या पेन्शनवाल्यांचा भविष्य निधी), दुसरीचा दहा टक्के डीसीपीएस कापायचा. कितीतरी वर्षं दुसरी दर मार्चला माझ्याकडं यायची, मॅडम माझी हिशोबाची स्लिप आली का, आणि मी म्हणायचे नाही आली. पैसे कापले जायचे, कुठं जायचे ते कागदावर दिसायचं नाही, आणि मला काही सांगता यायचं नाही. पहिली बाई रिटायर होताना समजा मूळ वेतन ८० हजार असलं तर निम्मं ४०, त्यावर ५५ टक्के डीए, म्हणजे ६२ हजार पेन्शन, डीए वाढला की वाढणार. दुसरीचं काय होणार ते जमलेल्या रकमेवर, कारण साठ टक्के हातात घ्यायचे नि चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे ते पैसे गुंतवून महिन्याला ठरलेली रक्कम, आणि ती ॲन्युइटी महागाई बघत नाही.

म्हणून तर मार्च २०२३ ला सात दिवस संप झाला, एकच मिशन जुनी पेन्शन म्हणत. तुझ्या जाऊबाई पण गेल्या असतील बघ मोर्चाला. त्यानंतर एनपीएसवाल्यांना ग्रॅच्युइटी आणि कुटुंब निवृत्तीवेतन मिळालं, आणि २०२४ ला सरकारनं सुधारित योजना जाहीर केली, शेवटच्या पगाराच्या निम्मं नि त्यावर महागाई. कुठला पर्याय घ्यायचा यावर आता सगळ्या स्टाफरूममध्ये खल चालू असतो. म्हणजे जाऊबाई त्या दिवशी आत गेल्या त्या काही श्रीमंतीच्या गुर्मीत गेल्या नसणार. ज्या गोष्टीसाठी त्या उन्हात बसल्या असतील तीच त्यांना आहे म्हणून कोणी टोमणा मारला, काय बोलणार बाई.

आता तुझं. इथं जरा वेळ देऊन वाच.

आधी कायदा काय म्हणतो ते. खाजगी मान्यताप्राप्त शाळांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, आपण एमईपीएस म्हणतो, त्यातल्या अनुसूची 'क' मध्ये वेतनश्रेण्या आहेत आणि विनाअनुदानित म्हणून शाळेला त्यातून सूट नाही. अनुदान नाही हा शाळेचा नि सरकारचा मामला, तुझ्या पगाराशी त्याचा संबंध नाही. म्हणून तर कागदावर ३० दाखवतात नि साडेदहा परत घेतात, कागद तरी बरा दिसावा म्हणून. (खरं तर नियमाप्रमाणं ३० पण कमीच आहे, पण ते राहू दे.)

मग तक्रार करू का, तर मी डोळे झाकून कर म्हणणार नाही. माझ्या नोकरीत एक सर बघितलेत, दुसऱ्या संस्थेचे, एकटे शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन गेले. पुढच्या जूनला त्यांचा विषय बदलला, मग वर्ग कमी झाला, मग ते घरी. एकट्यानं जायचं नाही. तुमच्यात चार-पाच जणी अशा असतील ज्यांना वैयक्तिक मान्यता आहे, म्हणजे नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, त्यांच्याशी बोल, सह्या एकत्र करा, मग जा. तुला मान्यता आहे का ते आधी बघ, मान्यतेचं पत्र तुझ्याकडं नसेल तर आवक-जावकवाल्या बाबूला चहा पाजून झेरॉक्स मिळव. नेमणुकीची ऑर्डर, मान्यता, दरवर्षीचं पगारपत्रक, फाइल करून घरी ठेव, शाळेच्या कपाटात नको. नोकरीवरून काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडं जायला तीस दिवस असतात, तेवढ्यात हे कागद शोधत बसायला वेळ नसतो.

आणि एक वही कर. कुठल्या तारखेला किती रोख परत दिले, कोणाच्या हातात दिले. बँकेचं स्टेटमेंट दर सहा महिन्यांनी काढून ठेव, त्यात पगार जमा आणि लगेच दुसऱ्या दिवशी बरोबर १०,५०० एटीएममधून, दर महिन्याला, हे ज्याला बघायचंय त्याला लगेच दिसतं. आज वापर नको करू, पण असू दे.

आता गंमत सांगते. तो कागदावरचा खोटा पगारच तुझ्या कामाला येणार आहे. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. २००४ ला सुप्रीम कोर्टानं शिक्षक त्यात बसत नाहीत म्हटलं होतं, म्हणून २००९ ला संसदेनं कायदा बदलला, तो पण ३ एप्रिल १९९७ पासून मागं जाऊन, खाजगी शाळावाले त्याविरुद्ध भांडत राहिले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षकांच्या बाजूनं निकाल दिला. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. तुझे बेसिक-डीए २४ हजार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, म्हणजे एका वर्षाचे १३,८४६. चौदा वर्षं झाली, आज सोडलीस तरी एक लाख त्र्याण्णव हजार तुझे आहेत. ५८ पर्यंत एकोणतीस वर्षं धरली तर चार लाख, पगार न वाढता. शाळा म्हणेल आमच्याकडं अशी पद्धत नाही. असं म्हणायची मात्र पद्धत आहे. कामगार खात्याकडं त्याचा अधिकारी असतो आणि तिथं जाताना तुला दाखवायला शाळेनं स्वतः बनवलेलं पगारपत्रक आहे, ते त्यांना खोटं म्हणता येत नाही ना आता.

दुसरं पीएफ. आज रात्री जेवणं झाली की मोबाइलवर पासबुक उघड, यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, पगारपत्रकावर असतो. तुझ्या आकड्यांवरून मला वाटतं पीएफ १५ हजारावर कापतात, तर दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत, तुझे १८००, शाळेचे ५५०, आणि पेन्शन फंडात १२५०. एकही महिना गाळू नको, २०१६ पासून एक-एक बघ. कापलेत पण भरले नाहीत असं खूप ठिकाणी निघतं, आणि मे महिन्याचे तर हमखास. गॅप दिसली तर आधी ऑफिसात तोंडी विचार, मग लेखी, मग पीएफच्या पोर्टलवर तक्रार. नॉमिनी भरलाय का तेही बघ, लग्नाआधी आईचं नाव दिलेलं तसंच राहिलेल्या कितीतरी बायका मी बघितल्यात.

तर ५८ ला काय राहणार? मधे हात लावला नाहीस आणि व्याज आत्तासारखं सव्वाआठच्या आसपास राहिलं तर पीएफचे वीस-एकवीस लाख होतील. ग्रॅच्युइटी चार. आणि पेन्शन, म्हणजे पीएफमधली, तिचं गणित १५ हजार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. २०१६ ते २०४० चोवीस वर्षं, वीसच्या वर झाली की दोन वर्षं बोनस धरतात, म्हणजे सव्वीस. उत्तर येतं ५५७१ रुपये. महिन्याला. आणि त्याला डीए नाही, २०४० ला जे बसेल ते बसेल.

हा आकडा लिहिताना मला माझीच पेन्शन आठवली आणि थोडं थांबले. मी ऑफिसात बसून बिलं लिहिली, वर्गात उभी नव्हते गं. तू २९ वर्षं वर्गात उभी राहणार.

तेव्हा अन्याय आहे, तुझ्याबाबतीत आहे, आणि तो जाऊबाईंनी केलेला नाही. जाऊबाईंचा पगार उद्या निम्मा केला तर तुझ्या साडेसतराचे अठरा होणार नाहीत. उलट त्यांचा आकडा आहे म्हणून तर तुला कळतं की तुझा किती असायला हवा होता. नणंदेच्या मिस्टरांसारखी माणसं दोघींना समोरासमोर उभं करतात आणि साडेदहा हजार रोख घेणारा माणूस बाजूला आरामात बसतो, त्याचं नाव त्या दिवशी कोणी घेतलं का पंगतीत?

क्लासचं म्हणशील तर यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, सायन्सला पोरं येतात. पण शाळा सोडून नको, निदान या वर्षी नको. शाळेत आहेस म्हणून आईबाप पोरं पाठवतात, हे पण असतं. आधी शनिवार-रविवार आठ पोरं घेऊन बघ, शाळेच्या नि कायद्याच्या नियमात बसतं का ते आधी विचारून, आणि त्यातले पैसे तुझ्या नावावरच्या खात्यात टाक, पीपीएफ उघड, एनपीएसचं खातं तर स्वतःचं पण काढता येतं. घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो असं लिहिलंयस, घर कोणाच्या नावावर आहे ते नाही लिहिलंस. मी विचारत नाही, तू विचार. आणि सोडायचीच झाली कधी तर राजीनाम्याआधी ग्रॅच्युइटीचा अर्ज कसा करायचा ते समजून घे. शाळेनं पुढं केलेल्या 'सर्व येणी मिळाली' या कागदावर सही करायची नाही. पेढे दिले तरी.

सरकारी भरतीचा विचार मनात असेल तर स्पष्ट सांगते, वय गेलं. खुल्या वर्गाला ३८, राखीवला ४३.

पण टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तुला सोडता येणार नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या नोकरीतल्या शिक्षकांनी पण टीईटी पास व्हायचं, दोन वर्षांत, ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी उरलीय त्यांनाच सूट, आणि विनाअनुदानितला पण लागू. तू पत्रात टीईटीचं काही लिहिलं नाहीस म्हणजे झालेली नसावी. शाळेच्या हातात हे कोलीत देऊ नकोस, उद्या पगाराचं बोललीस तर पहिलं टीईटी कुठंय विचारतील. आणि जाऊबाई २००८ च्या, म्हणजे टीईटी यायच्या आधीच्या, त्यांनाही हीच धास्ती लागलेली असणार. साठ हजारवालीची पण नोकरी त्यावर अडकलीय.

त्यांचा पेपर एक, पहिली ते पाचवीचा, तुझा पेपर दोन, सहावी ते आठवीचा. दीडशेपैकी नव्वद लागतात, राखीवला पाच टक्के कमी. गणित नि परिसर अभ्यासातलं जे त्यांना अवघड जाईल ते तू समजावून सांग, मराठीचं व्याकरण त्यांच्याकडून घे, रोज पोरांना शिकवतात त्या. दिवाळीला गावी जाल तेव्हा बोल, त्याआधी फोन केलास तर उत्तमच. आणि बालमानसशास्त्राचे तीस मार्क दोन्ही पेपरला आहेत, तेव्हा पुस्तक एकच घ्या, दोघींत मिळून.